तोडीस तोड



वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, आंग्र्यांच्या आरमारावर, खारजमिनींवर व्याख्यानं झाली. त्या मालिकेत मी आज हॉलीवूडच्या जुन्या विनोदी प्रेमकथा घेऊन उभी आहे. त्यातही एकाच धंद्यातले, एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोघं जिथे प्रेमात पडतात, तेवढ्याच कथा. अलिबागच्या श्रोत्यांपुढे हा विषय का, याचं उत्तर पुढे आपल्याच जिल्ह्यातून मिळणार आहे. आधी चित्रपटांकडे वळू.

१९४९ सालचा ‘अ‍ॅडम्स रिब’ घ्या. न्यूयॉर्कमधली एक साधी संसारी बाई बाहेरख्याली नवऱ्याचा माग काढते आणि त्याच्यावर गोळ्या झाडते. नवरा वाचतो, बाईवर खटला उभा राहतो. सरकारी वकील म्हणून तो खटला अ‍ॅडम बॉनरकडे येतो. आणि आरोपी बाईचं वकीलपत्र घेते अ‍ॅडमची बायको, अमांडा. दिवसभर दोघं कोर्टात एकमेकांच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेतात आणि संध्याकाळी एकाच घरी परततात. कामकाज चालू असताना एक गंमत घडते. अ‍ॅडमची पेन्सिल टेबलाखाली पडते, मग अमांडाचीही पडते. उचलायच्या निमित्ताने दोघं वाकतात आणि टेबलांच्या खालून एकमेकांकडे पाहून हसतात. वरती खटला तसाच चालू असतो.

स्पेन्सर ट्रेसी आणि कॅथरिन हेपबर्न यांच्या जोडीचा हा चित्रपट लिहिला रूथ गॉर्डन आणि गार्सन कॅनिन या नवरा-बायकोने, दिग्दर्शन जॉर्ज क्यूकरचं. कथेचं बीज खऱ्या आयुष्यातलं होतं. अभिनेता रेमंड मॅसी आणि त्याची पत्नी एड्रियन अ‍ॅलन यांच्या घटस्फोटात दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांचे नवरा-बायको होते. पुढे त्या वकिलांनीही घटस्फोट घेतला आणि आपापल्या अशिलांशी लग्नं केली. गॉर्डन-कॅनिननी त्यातली घडामोड सोडून दिली, फक्त मांडणी उचलली: एक खटला, दोन बाजू, दोन वकील आणि त्यांचं एक घर.

मला या चित्रपटाचं मोल वाटतं ते असं की यात दोघंही बरोबर आहेत. अमांडा म्हणते, घर वाचवायला एखाद्या पुरुषाने हेच केलं असतं तर तुम्ही त्याला समजून घेतलं असतं. मग बाईला वेगळा न्याय का? ती ज्यूरीला सांगते, आरोपीच्या जागी पुरुष आहे असं डोळ्यांसमोर आणा. अ‍ॅडमचं म्हणणं असं, की कुणालाही दुसऱ्यावर गोळी झाडायचा अधिकार नाही आणि कायदा आवडत नसेल तर तो बदलावा, मोडू नये. अमांडा खटला जिंकते. मग एके रात्री अ‍ॅडम पिस्तूल घेऊन शेजाऱ्याच्या घरात घुसतो. तिथे अमांडा असते, आणि तो शेजारी तिच्यावर लाइन मारत असतो. अमांडा घाबरून ओरडते, ‘तुला हा अधिकार नाही! कुणालाच नाही!’ अ‍ॅडमला हवं होतं ते हेच वाक्य. तो पिस्तुलाची नळी तोंडात घालतो आणि चावून खातो, कारण पिस्तूल ज्येष्ठमधाच्या मिठाईचं आहे. कोर्टात हरलेला मुद्दा तो घरी जिंकतो, आणि जिंकतो तोही प्रतिपक्षाच्याच तोंडून.

विरोधी वकिलाला आपला युक्तिवाद किती बारकाईने ऐकावा लागतो याचा विचार करा. आपली आई, आपला मित्र, आपला शेजारी आपल्यावर माया करतात, पण आपण दिवसभर काय करतो हे त्यांना नीट माहीत असतंच असं नाही. प्रतिस्पर्ध्याला मात्र ते माहीत असावंच लागतं. आपली ताकद कुठे, आपण कुठे कमी पडतो, कोणत्या प्रश्नाला आपला आवाज चढतो हे त्याने हेरलेलं असतं, कारण त्याचं यश त्यावर अवलंबून असतं. माणसाला आपल्या रूपाची स्तुती आवडते, पण आपल्या कामाची कुणाला तरी पारख आहे ही जाणीव त्याहून खोल जाते. या चित्रपटांची मोहिनी तिथे आहे. नायक-नायिका भांडताना एकमेकांना ओळखत जातात आणि त्यांच्या आधी ते प्रेक्षकाच्या लक्षात येतं.

‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) हे याचं सर्वांत धारदार उदाहरण. मूळ नाटक बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचं, १९२८ सालचं ‘द फ्रंट पेज’. त्यात संपादक आणि बातमीदार दोघंही पुरुष. बातमीदाराचे संवाद बाईच्या तोंडी ऐकल्यावर दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला ते अधिक खुलून आलेले वाटले आणि त्याने बातमीदाराची बाई करून टाकली. इतकंच नाही, तर तिला संपादकाची घटस्फोटित बायको केलं. ही हिल्डी जॉन्सन, म्हणजे रोझालिंड रसेल, वर्तमानपत्राच्या कचेरीत येते ती निरोप घ्यायला. ब्रूस नावाच्या विमा एजंटाशी ती लग्न करून आल्बनीला जाणार आहे. माणूस भला आहे, प्रेमळ आहे. पण सकाळी फाशी जायचा एक कैदी आहे, शहराचे कारभारी त्या फाशीवर निवडणूक जिंकू पाहताहेत, आणि ही बातमी हिल्डीइतकी चांगली दुसरं कुणी लिहू शकणार नाही. संपादक वॉल्टर बर्न्सला, म्हणजे कॅरी ग्रँटला, हे माहीत आहे. हिल्डीलाही माहीत आहे. कैदी तुरुंगातून निसटतो आणि पत्रकारांच्या खोलीतल्या सरकत्या झाकणाच्या मेजात लपतो. हिल्डी टाइपरायटरवर बसते, वॉल्टर फोनवर ओरडत असतो, मध्ये उभा राहून ब्रूस तिला विनवत असतो. तिला त्याचं एक अक्षरही ऐकू येत नाही. ब्रूस निघून जातो हेही तिला उशिरा कळतं.

वॉल्टर लबाड आहे, हे मान्यच करायला हवं. तो ब्रूसला खोट्या आरोपांत अडकवतो. मला तो पती म्हणून कधीच नको असता. पण चित्रपटाचं म्हणणं खरं आहे. हिल्डी कुणाजवळ सर्वाधिक जिवंत असते, तर जो तिला काम करू देतो त्याच्याजवळ. ब्रूस तिच्यावर प्रेम करतो ते तिच्या कामातून तिची सुटका करायला. वॉल्टरला ती कामात हवी आहे.

या चित्रपटांतले संवाद इतके वेगवान का, यालाही कारण आहे. १९३४ च्या मध्यापासून अमेरिकेत ‘प्रॉडक्शन कोड’ नावाची नियमावली कडकपणे लागू झाली. पडद्यावर किती जवळीक दाखवायची याला मर्यादा आल्या. तेव्हा जे हातांनी, ओठांनी सांगता येत नव्हतं ते लेखकांनी जिभेवर सोपवलं. एकाचं वाक्य संपण्याआधी दुसऱ्याचं सुरू होतं, आणि प्रेमाची सारी धग त्या वाक्यांच्या चढाओढीत उतरते. कोडचं समर्थन करायचं काही कारण नाही, त्याने अनेक चांगल्या गोष्टी मारल्या. पण त्या अडचणीतून बोलण्याची ही कला तयार झाली, हेही तितकंच खरं.

‘द शॉप अराउंड द कॉर्नर’बद्दल थोडक्यात सांगते. अर्न्स्ट लुबिचचा हा चित्रपटही १९४० चा, बुडापेस्टच्या एका चामडी वस्तूंच्या दुकानात घडणारा. दोन विक्रेते दिवसभर एकमेकांना पाण्यात पाहतात आणि रात्री नाव माहीत नसलेल्या पत्रमित्राला पत्रं लिहितात. तो पत्रमित्र अर्थातच समोरचाच असतो. नोकरी जाईल या भीतीखाली माणसं किती कडवट होतात आणि पत्रात तीच किती उमदी असतात, हे लुबिचने दाखवलं आहे. १९९८ मध्ये नोरा एफ्रनने यावरूनच ‘यूव्ह गॉट मेल’ केला. त्यात छोटं पुस्तकाचं दुकान चालवणारी बाई आणि ते बुडवणाऱ्या मोठ्या साखळी दुकानाचा मालक समोरासमोर येतात. चित्रपट गोड आहे, पण त्यात तिचं दुकान बंदच पडतं आणि ती ते विसरते. हे मला आजही खटकतं.

नोरा एफ्रनच्या आई-वडिलांनी, फीबी आणि हेन्री एफ्रन यांनी, लिहिलेला ‘डेस्क सेट’ (१९५७) मला वाचनालयाच्या या वास्तूत मुद्दाम सांगायचा आहे. एका प्रसारण कंपनीच्या संदर्भ विभागात बनी वॉटसन आणि तिच्या सहकारी बायका काम करतात. फोन वाजतो, कुणीतरी काहीही विचारतं, आणि या बायका पुस्तकांतून किंवा आठवणीतून उत्तर देतात. तिथे रिचर्ड समनर नावाचा अभियंता संगणक बसवायला येतो. खोलीभर पसरणाऱ्या त्या यंत्राचं नाव एमरॅक. आता आपल्या नोकऱ्या जाणार, अशी बायकांची खात्री होते. भर थंडीत गच्चीवर डबा खाताना समनर बनीची परीक्षा घेतो, आगगाडीतल्या प्रवाशांची कोडी घालतो, आणि ती सँडविच खात खात सगळी सोडवते. त्याच्या चेहऱ्यावर तिथे जे उमटतं त्याला समनर झालेल्या ट्रेसीसारखाच नट हवा. पुढे यंत्र बसतं. कॉर्फू बेटाची माहिती विचारली, तर ते कर्फ्यूवरची कविता छापून बाहेर टाकतं. पगार विभागातलं दुसरं यंत्र तर सगळ्या कंपनीलाच, अगदी मालकालाही, नोकरीतून काढल्याच्या चिठ्ठ्या देतं. शेवटी बायका राहतात आणि यंत्रही राहतं. आज घराघरांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर जी धास्तावलेली चर्चा चालते ती ऐकताना मला सत्तर वर्षांपूर्वीच्या या चित्रपटाची आठवण येते. माहितीच्या साठ्याशी प्रश्नाचा संबंध जोडणं हे कौशल्याचं काम आहे, हे बनीला ठाऊक होतं. समनरलाही ते समजलं, म्हणूनच त्या दोघांचं जमलं.

या साऱ्या चित्रपटांपुढे एक अडचण उभी राहते आणि तिच्यावर त्यांची परीक्षा होते. लग्न ठरल्यावर कोण थांबणार? ‘वुमन ऑफ द इयर’ (१९४२) इथेच घसरतो. हेपबर्न-ट्रेसी जोडीचा हा पहिला चित्रपट. टेस हार्डिंग जागतिक राजकारणावर लिहिते, सॅम क्रेग खेळांवर लिहितो, दोघं एकाच वर्तमानपत्रात. आधी स्तंभांतून भांडण, मग प्रेम, मग लग्न. रिंग लार्डनर ज्युनियर आणि मायकेल कॅनिन यांना पटकथेचं ऑस्कर मिळालं. पण चाचणी खेळानंतर शेवट बदलला. नव्या शेवटात अनेक भाषा येणारी, राष्ट्रप्रमुखांशी बोलणारी ही बाई नवऱ्यासाठी न्याहारी करायला जाते. कॉफी उतू जाते, वॉफल फुगून बाहेर येतात आणि आपण तिला हसावं अशी अपेक्षा असते. मी कधीच हसू शकले नाही. सॅमच्या तोंडी एक चांगलं वाक्य दिलं आहे. त्याला ना नुसती टेस हार्डिंग हवी आहे, ना नुसती मिसेस क्रेग. दोन्ही नावं एकत्र का असू नयेत, असं तो विचारतो. पण तोवर त्या प्रसंगाने तिचा मान गेलेला असतो.

सात वर्षांनी ‘अ‍ॅडम्स रिब’ने ती चूक दुरुस्त केली. त्याच्या शेवटी अ‍ॅडमला रिपब्लिकन पक्षातर्फे न्यायाधीशपदाची उमेदवारी मिळणार असते. अमांडा अभिनंदन करते आणि सहज विचारते, डेमोक्रॅट पक्षाने उमेदवार ठरवलाय का? लग्न टिकतं, आणि स्पर्धाही टिकते.

आता आपल्याकडे येते. मराठी रंगभूमी आणि चित्रपटात विनोदी प्रेमकथांना तोटा नाही. अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ १९३६ चं. त्यांनीच लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ चा. अलीकडे २०१० मधला सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’. भांडण सगळ्यांत आहे आणि रंगतंही. पण ते भांडण बहुतेक वेळा लग्नाचं, घराचं, शहराचं असतं. नायिका कोणती नोकरी करते हे ओळख करून देताना सांगितलं जातं आणि पुढे त्या नोकरीचं कथेत काही काम उरत नाही. आपल्या लेखनातली ही मोठी उणीव आहे असं मला वाटतं.

कामातल्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्याचं आकर्षण आपल्याला समजत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. महाड-पोलादपूरपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या रंगतात, त्या कशासाठी? एकटा शाहीर कितीही गोड गायला तरी लोक रात्र जागत नाहीत. समोर दुसरा फड लागतो. शक्तीवाले प्रकृतीची बाजू घेतात, तुरेवाले पुरुषाची, आणि कोण थोर याचा वाद गण, गवळणीपासून सवाल-जवाबापर्यंत चढत जातो. समोरच्याचं पद नीट ऐकल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. त्या वादाचा निकाल पिढ्यान्‌पिढ्या लागलेला नाही, तो लागावा अशी कुणाची इच्छाही नाही. स्त्रीतत्त्व आणि पुरुषतत्त्व तोडीस तोड ठेवणारी ही कला आपल्या वाडीवस्तीवर जिवंत असताना आमच्या नाटककारांना ही जोडी सुचू नये, याचं नवल वाटतं.

आणि काम न सोडणारी बाईही आपण पाहिलेली आहे. दुर्गा खोटे उतारवयात अलिबागला येऊन राहिल्या. १९३६ च्या ‘अमर ज्योती’मध्ये शांतारामबापूंनी त्यांना समुद्री चाच्यांची प्रमुख केलं होतं. ऐन तरुणपणी वैधव्य आलं, पदरी दोन मुलं, तरी त्यांनी अभिनय केला, चित्रपट काढले, पुढे लघुपटांची संस्था चालवली. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र इथल्या अनेकांनी वाचलं असेल.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा विषय इथे आणला ती दुसऱ्या दुर्गाबाईंची, दुर्गाबाई देशमुखांची आहे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख आपल्या जिल्ह्याचे. घराणं रोह्याचं, जन्म महाडजवळच्या नाते गावी, १४ जानेवारी १८९६ रोजी. आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आपल्याकडून, लोकसभेवर गेले. संस्कृतचे गाढे व्यासंगी, ‘मेघदूता’चा मराठीत अनुवाद करणारे, बागेत रमणारे, मितभाषी.

दुर्गाबाईंचा जन्म १९०९ चा, राजमहेंद्रीचा. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं होतं. कळत्या वयात त्यांनी ते नाकारलं. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये खादी प्रदर्शनाच्या दारावर त्या स्वयंसेविका होत्या. तिकीट नसलेल्या कुणालाही आत सोडायचं नाही अशी सूचना होती आणि त्यांनी जवाहरलाल नेहरूंना अडवलं. तिकीट काढल्यावरच नेहरू आत गेले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. पुढे शिक्षण पुरं करून मद्रासला वकिली केली, आंध्र महिला सभा उभारली, घटना समितीत निवडून गेल्या.

१९५० मध्ये घटना समितीचीच हंगामी संसद झाली. दुर्गाबाई सदस्य, चिंतामणराव अर्थमंत्री. एकीचं काम प्रश्न विचारण्याचं, दुसऱ्याचं उत्तर देण्याचं. १९५२ च्या निवडणुकीत दुर्गाबाई हरल्या आणि त्यांची नेमणूक नियोजन आयोगावर झाली. तिथेही चिंतामणराव होतेच. दुर्गाबाईंकडे समाजकल्याणाचा विषय आला. नव्या देशात पैसा थोडा आणि गरजा अपार. गावोगावच्या बायका-मुलांसाठी पैसा मागणारी ती, आणि तिजोरीवर बसून प्रत्येक रुपयाचा हिशेब विचारणारा तो. पटकथालेखकाने दोन पात्रांना एकाच मेजाच्या दोन बाजूंना बसवावं तशी ही रचना, पण इथे ती देशाच्या कारभाराने घडवली होती.

२२ जानेवारी १९५३ रोजी दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो विधुर, वय सत्तावन्न, ती त्रेचाळीस. भाषा मराठी आणि तेलुगू. साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू होते, तीस वर्षांपूर्वी तिकिटासाठी दारावर थांबवलेले.

पुढे काय झालं हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. जुलै १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष झाले. १९५८ मध्ये स्त्रीशिक्षणावरची राष्ट्रीय समिती नेमली गेली, तिच्या अध्यक्ष दुर्गाबाई. १९६२ मध्ये चिंतामणराव दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी दुर्गाबाईंनी सामाजिक विकास परिषद उभी केली. १९७५ मध्ये दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. दोघांच्या कामाचे रस्ते समांतर चालले आणि अनेकदा एकमेकांना छेदूनही गेले. कुणालाही आपला रस्ता सोडावा लागला नाही.

चिंतामणरावांचं आत्मचरित्र ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ १९७४ मध्ये आलं, दुर्गाबाईंचं ‘चिंतामण अँड आय’ १९८० मध्ये. दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात गेल्या आणि चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजी. जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड झालं तेही १९८१ मध्येच. नव्या नावाच्या जिल्ह्यातल्या मुलांना चिंतामणराव माहीत असतात ते बाणेदार राजीनाम्यासाठी. ते योग्यच आहे. दुर्गाबाईंचं नाव मात्र चिंतामणरावांच्या नावापुढे ‘यांच्या पत्नी’ म्हणून येतं. ज्यांनी घटना घडवायला हातभार लावला त्यांची ओळख अशी होऊ नये.

म्हणून माझं या जिल्ह्यातल्या लेखकांना, विशेषतः एकांकिका आणि नाटकं लिहिणाऱ्या तरुण मुला-मुलींना एक मागणं आहे. चिंतामणराव आणि दुर्गाबाई यांच्यावर नाटक लिहा. दोन अंकी लिहा, विनोदी लिहा, आणि गंभीर प्रश्नावर लिहा. पहिला अंक नियोजन आयोगाच्या बैठकीत घडू द्या, जिथे एक पैसे मागते आहे आणि दुसरा नाही म्हणतो आहे. त्यांच्या वादात आकडे असू द्या, योजना असू द्या, बायकांच्या दवाखान्याचा आणि शाळेचा हिशेब असू द्या, कारण त्या आकड्यांतूनच त्यांनी एकमेकांना ओळखलं असणार. दोघांची पुस्तकं वाचा. जे त्यात नाही ते कल्पनेने भरताना त्यांचा मान राखा. आणि शेवटी दुर्गाबाईंना कॉफी करायला स्वयंपाकघरात पाठवू नका. वाचनालयाच्या कार्यकारिणीलाही माझी विनंती आहे की अशी संहिता तयार झाली तर तिचं पहिलं जाहीर वाचन याच व्यासपीठावर ठेवावं.